लाल गवत की लाल माठ?

हल्ली बहुतेक नर्सऱ्यांत जांभळट-लाल पानांचं एक गवत दिसतं. कंबरेएवढं वाढतं, पानं अरुंद, लांब आणि टोकाकडे वाकलेली, आणि त्यातून वर आलेले मऊ केसाळ तुरे. नर्सरीवाले त्याला फाउंटन ग्रास म्हणतात. शेजारच्याच रॅकवर लाल माठाच्या बियांची पुडी असते, गवताच्या रोपापेक्षा कितीतरी स्वस्त. गॅलरीत ऊन येणारी जागा एकच असेल तर तिथे काय लावावं? माझं उत्तर माठ आहे. पण दोन्ही शेजारीशेजारी लावण्याइतकी जागा असेल तर जरूर लावा, कारण या दोन झाडांत पाहण्यासारखं खूप आहे.

आधी गवताचं नातं सांगतो. हे गवत पेनिसेटम गटातलं, म्हणजे आपल्या बाजरीचं जवळचं भावंड. त्याचा तुरा हातात घेऊन नीट पाहिला की हे लगेच पटतं. मधली दांडी, तिच्याभोवती दाटीने बसलेली बारीक कणसुली आणि प्रत्येकीच्या बुडाशी कुसळांचा झुबका. बाजरीच्या काही वाणांच्या कणसांवरही अशीच लांब कुसळं असतात आणि पाखरांचा त्रास कमी होतो म्हणून शेतकरी ते वाण राखतात. बाजरी स्वतःही बागेत गेली आहे. ‘पर्पल मॅजेस्टी’ नावाच्या जांभळ्या पानांच्या शोभेच्या बाजरीला 2003 साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नव्या वाणांची पारख करणाऱ्या अमेरिकी संस्थेचं सुवर्णपदक मिळालं होतं.

माठ मात्र अगदी वेगळ्या घराण्यातला. राजगिरा, तांदुळजा, रस्त्याकडेला उगवणारा काटेमाठ हे त्याचे सख्खे, तर पालक, चाकवत आणि बीट हे त्याच्याच कुळातले चुलत. गवत एकदल, माठ द्विदल. त्यांच्या वाटा वेगळ्या होऊन दहा कोटींहून अधिक वर्षं झाली. तरीही एप्रिलच्या उन्हात दोघंही टवटवीत उभी असतात, आणि त्यांच्या शेजारची मेथी नि पालक मान टाकतात. असं का होतं?

याचं उत्तर पानाच्या आत आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखर बनवण्याचं काम रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) करतं. हे विकर पृथ्वीवरच्या जवळजवळ सगळ्या अन्नाच्या मुळाशी आहे, पण त्याच्यात एक खोट आहे. कार्बन डायऑक्साइडऐवजी ते कधीकधी ऑक्सिजनलाच पकडतं, आणि मग ती चूक निस्तरायला झाडाला आधीच कमावलेला कार्बन खर्चावा लागतो. ऊन वाढलं की या चुका वाढतात. पाणी वाचवायला पानं आपली छिद्रं मिटून घेतात, आत कार्बन डायऑक्साइड कमी पडतो आणि नुकसान आणखी वाढतं. मेथी-पालकाचं घोडं उन्हाळ्यात इथेच अडतं.

गवतानं आणि माठानं यावर एकच तोड काढली. पानाच्या बाहेरच्या पेशींत दुसरं एक विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं, आणि ते ऑक्सिजनला फसत नाही. त्यापासून चार कार्बन असलेलं आम्ल बनतं. हे आम्ल शिरांभोवती गोल रचलेल्या जाड पेशींत पोचतं, तिथे फुटतं आणि रुबिस्कोच्या आसपास कार्बन डायऑक्साइडची दाटी होते. ऑक्सिजन पकडायला वावच उरत नाही. चार कार्बनच्या आम्लामुळे या पद्धतीला सी-फोर म्हणतात. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघांनी उसाच्या पानांवर काम करून 1966 साली ती उलगडून दाखवली. ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही सगळी सी-फोर पिकं. एवढंच पीक काढायला या झाडांना साध्या झाडांच्या साधारण निम्मं पाणी पुरतं.

मला थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. ही पद्धत दोघांना कुठल्या एका पूर्वजाकडून मिळालेली नाही. सपुष्प वनस्पतींत ती साठाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहे. गवतांनी ती आपल्या वाटेनं गाठली, माठाच्या कुळातल्या काही शाखांनी आपल्या वाटेनं; त्याच कुळातला पालक मात्र जुन्याच पद्धतीवर राहिला. माठाचं पान उजेडासमोर धरून पाहा. बारीक शिरांचं दाट जाळं दिसेल. त्या प्रत्येक शिरेभोवती ही जाड पेशींची रांग बसलेली असते.

यंत्रणा सारखी, पण रंग सारखा नाही. डोळ्यांना दोन्ही लालच दिसतात. गवताचा लाल रंग अँथोसायनिन गटातला, म्हणजे जांभूळ, कोकम, जांभळा कोबी यांच्यातला. माठाचा लाल रंग बीटालेन गटातला, म्हणजे बीट, ड्रॅगनफ्रूट, बोगनवेल आणि गुलबक्षी यांच्यातला. बीटालेनच्या रेणूत नायट्रोजन असतो, अँथोसायनिनमध्ये नसतो. दोन्ही रंग बनण्याच्या रासायनिक वाटाही वेगळ्या. आणि आजवर एकाही वनस्पतीत हे दोन्ही रंग नैसर्गिकरीत्या एकत्र सापडलेले नाहीत. बीटालेन बनवणारी जवळपास सगळी झाडं वनस्पतींच्या एकाच मोठ्या गटातली आहेत, आणि त्या गटानं जुना रंग टाकून नवा का घेतला हा प्रश्न वनस्पतिशास्त्रात अजून चर्चेत आहे.

फरक स्वयंपाकघरात पाहता येतो. एका वाटीत कोकमाचं पातळ पाणी घ्या, दुसरीत माठाची पानं कोमट पाण्यात कुस्करून निघालेलं पाणी. दोन्हींत चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. सोडा फसफसतो, म्हणून थोडाथोडा घाला. कोकमाचा लाल रंग निळसर, काळपट होत जातो. माठाचं पाणी फारसं बदलत नाही. आता माठाच्या पाण्यात पानाला लावायच्या चुन्याची निवळी घाला. इतक्या तीव्र अल्कलीपुढे बीटालेन टिकत नाही आणि लाल जाऊन पिवळट रंग येतो. मुलांना हे करून दाखवा, फार रंगतात. ही वाटी नंतर ओतून टाकायची, प्यायची नाही.

बीटालेनला उष्णताही सोसत नाही. म्हणून लाल माठाची भाजी लसूण-मिरचीच्या फोडणीवर थोड्याच वेळात वाफवून, वर ओलं खोबरं घालून उतरवली की भात गुलाबी होतो, आणि रटरट शिजवली की भाजी मळकट दिसते. माठात ऑक्झलेट भरपूर असतं, हेही ध्यानात ठेवा. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी पानं उकळून पाणी टाकून द्यावं. विरघळणारं बरंचसं ऑक्झलेट त्या पाण्याबरोबर जातं. रंगही जातो, पण इथे रंगाचा मोह सोडलेला बरा. लोह आणि बीटा-कॅरोटीन यांसाठी ही भाजी ताटात हवीच. वरून लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते.

गवताचं पान आपण का खात नाही? एक तर त्यात चिवट तंतू फार, आणि शिवाय गवतं मातीतली सिलिका उचलून पानांत काचेसारख्या बारीक कणांच्या रूपात साठवतात. कडेवरून उलट बोट फिरवलं की कातरल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच.

दोघांची कापणी मात्र वेगळी, आणि लावणाऱ्याचं खरं काम इथे आहे. गवताच्या पानाचं वाढीचं ठिकाण बुडाशी असतं. वरून चरलं किंवा कापलं तरी खालून पान पुढे सरकतच राहतं. म्हणून उन्हाळा संपताना, पावसाच्या तोंडावर, झुडूप जमिनीपासून वीतभर ठेवून खुशाल छाटा. माठाचं वाढीचं ठिकाण शेंड्याला. शेंडा खुडला की खालच्या पेरांवरचे झोपलेले डोळे जागे होतात आणि बाजूला फांद्या फुटतात. त्यासाठी खाली दोन-तीन पेरं ठेवावीच लागतात. मुळाशी कापलं तर पुन्हा फुटवा नाही. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेला ‘अर्का अरुणिमा’ हा गडद जांभळ्या पानांचा वाण पुन्हापुन्हा खुडण्यासाठीच आहे.

पाच-सहा तास थेट ऊन दोघांनाही हवं. सावलीत दोघांचाही लाल फिका पडून हिरवा वर येतो. खताच्या बाबतीत हात वेगळा ठेवा. माठाला शेणखत सढळ हातानं द्या, पानंच खायची आहेत. गवताला नत्र जास्त झालं तर ते हिरवट होतं आणि लोळतं. पावसाळ्यात माठाच्या पानांच्या खालच्या बाजूला पांढरे फोड आले तर तो ‘पांढरा तांबेरा’ असतो; नावात तांबेरा असला तरी तो खऱ्या बुरशीमुळे नाही, तर बुरशीसारख्या दिसणाऱ्या वेगळ्याच सूक्ष्मजीवामुळे होतो. तशी पानं काढून टाका आणि रोपं विरळ करा.

वाढवायची रीत दोघांची अगदी उलट. लाल पानांचं फाउंटन ग्रास सहसा वांझ असतं, म्हणून जूनमध्ये गड्डा उपटून, सुरीनं मुळांसकट फुटवे वेगळे करून लावायचे. हिरव्या पानांच्या मूळ जातीला मात्र बी भरपूर धरतं. हवाईत ती मोकाट पसरली आहे आणि तिथल्या वणव्यांना इंधन पुरवते, म्हणून घेताना लाल पानांचंच रोप घ्या. माठाचं बी इतकं बारीक की सुटं पेरता येत नाही. कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरायचं, वर मातीचा अगदी पातळ थर द्यायचा आणि झारीनं हलकं पाणी शिंपायचं. महिन्याभरात पहिली जुडी निघते. दोनेक झाडं न खुडता फुलू दिली तर पुढच्या हंगामाचं बी घरचंच मिळतं.