बोल आईला, खुणा घराण्यात

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या आईला आजही कुणीतरी विचारतंच, ‘लहानपणी त्याच्याशी कमी बोललीस का गं?’ ही रीत डॉक्टरांनीच पाडली. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन केलं आणि ही अडचण उपजत असावी, असं लिहिलं. पण मायाळू आईबाप फार थोडे दिसले, हेही त्याच निबंधात होतं. लोकांनी नेमकं तेच उचललं. १९४९ मध्ये कॅनरनीच या मुलांना फ्रिजमध्ये ठेवल्याची उपमा दिली आणि आया पुढं कित्येक वर्षं ती सोसत राहिल्या.

आनुवंशिकतेकडे कुणी बघेना, त्यामागं हिशेबातली एक गफलत होती. स्वमग्न मुलाच्या भावंडांत हेच निदान जेमतेम २ टक्क्यांना. मग रक्ताचा संबंध कसला? पण तेव्हा एरवी हे प्रमाण दहा हजारांत ४ धरत. म्हणजे ते २ टक्के पन्नास पट झाले!

१९७७ मध्ये सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. हुबेहूब, म्हणजे जनुकं सारखीच असलेल्या जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत दोघंही स्वमग्न निघाले; उरलेल्या १० साध्या, हुबेहूब नसलेल्या जोड्यांत असं एकही नाही. मला त्यातला पुढचा आकडा जास्त बोलका वाटतो. दुसऱ्या जुळ्याला नुसतं उशिरा बोलणं किंवा शिकण्यातली अडचण असली तरी मोजायचं ठरवलं, तर ११ पैकी ९ जोड्या जुळल्या. म्हणजे घराण्यात उतरतं ते निदानच असं नाही. त्याची फिकी छटाही उतरते.

रक्तातली खूण त्याआधीच, १९६१ मध्ये सापडली होती: काही स्वमग्न मुलांच्या रक्तात सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन जास्त. ते साठतं प्लेटलेट्समध्ये, डेंग्यूत आपण मोजतो त्याच. पुढं काहींच्या आईबापांत आणि भावंडांतही ते वाढलेलं आढळलं. पण सगळ्याच स्वमग्न मुलांत ते वाढत नाही, त्यामुळं निदानाला उपयोग नाही.

२००३ मध्ये दोन स्वीडिश कुटुंबांतल्या भावाभावांत जनुकांतले बिघाड सापडले, तेही एक्स गुणसूत्रावर. मुलग्याला ते गुणसूत्र आईकडूनच मिळतं. आई पुन्हा चर्चेत आली; या वेळी मायेवरून नव्हे.

ते जुने २ टक्केही तोकडेच निघाले. २०११ मध्ये ६६४ धाकट्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १८.७ टक्के स्वमग्न होती. ती ओळखली तिसऱ्या वर्षी, खेळताना-बोलताना पाहून. रक्त तपासून नव्हे.