जाग चुकू नये म्हणून

काम नसलेल्या प्रोसेसरने काय करायचे? 1978 च्या इंटेल 8086 मध्ये यासाठी एका बाइटची 'हॉल्ट' सूचना होती: थांब, इंटरप्ट (हातचे सोडून इकडे बघ, असा प्रोसेसरला येणारा इशारा) आला की ऊठ. तेव्हाही एक फट होतीच. काम नाही असे पाहून थांबायला जावे आणि नेमका त्याच क्षणी इंटरप्ट येऊन जावा, म्हणजे काम पडून राहते आणि प्रोसेसर झोपतो. त्यावर तोड अशी: इंटरप्ट बंद ठेवून तपासायचे, आणि ते उघडणारी 'एसटीआय' सूचना हॉल्टला चिकटून लिहायची. एसटीआयचा परिणाम एक सूचना उशिरा होतो, त्यामुळे मधे काही शिरू शकत नाही. लिनक्समध्ये ही जोडी आजही आहे.

प्रोसेसर अनेक झाले तशी फट मेमरीच्या क्रमात सरकली. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. झोपायला निघालेला कोअर (चिपमधला एक स्वतंत्र प्रोसेसर) 'मी आता पाहत नाहीये' अशी खूण लिहितो आणि मग काम आहे का ते वाचतो. उठवणारा आधी काम लिहितो, मग ती खूण वाचतो आणि ती दिसली तरच इंटरप्ट पाठवतो. पण एक्स86 वर, म्हणजे 8086 च्या वंशातल्या प्रोसेसरवर, लिहिलेली किंमत स्टोअर बफरमध्ये (मेमरीकडे जाण्याआधीच्या रांगेत) अडकलेली असतानाच पुढचे वाचन उरकू शकते. मग एकाला काम दिसत नाही, दुसऱ्याला समोरचा जागाच वाटतो, आणि इंटरप्ट कोणीच पाठवत नाही. म्हणून दोन्हीकडे लेखन आणि वाचन यांच्यामध्ये पूर्ण बॅरिअर (आधीचे लेखन-वाचन आधीच, नंतरचे नंतरच, असा क्रम पाळायला लावणारी सूचना) लागतो.

2004 मध्ये प्रेस्कॉट पेंटियम 4 सोबत 'मॉनिटर' (या जागेवर लक्ष ठेव) आणि 'एमवेट' (तिथे कोणी लिहीपर्यंत झोप) या सूचना आल्या. कॅश लाइनवर (कोअरजवळच्या जलद मेमरीतल्या एका छोट्या तुकड्यावर) कोणी लिहिले हे कोहेरन्सच्या, म्हणजे सगळ्या कोअरच्या कॅशमधल्या प्रती जुळत्या ठेवणाऱ्या, यंत्रणेला कळतेच, तीच इथे घंटा झाली. मॉनिटर लावायचा, पुन्हा तपासायचे, मग एमवेट. मधल्या काळात कोणी लिहिले तर एमवेट झोपतच नाही. कल्पना फार देखणी, पण इंटेलच्या झिऑन 7400 प्रोसेसरमध्ये त्रुटी निघाली आणि मॉनिटरच्या आधी ती लाइन कॅशमधून काढून टाकावी लागली, तीही दोन बॅरिअरच्या मधे.

हलक्या झोपेत कॅश इतर कोअरना उत्तरे देत राहते. गाढ झोपेत तिची वीज जाऊ शकते, म्हणून बदललेला मजकूर आधी बाहेर लिहावा लागतो आणि उठल्यावर कॅश रिकामी मिळते.

आर्म या दुसऱ्या घराण्यातल्या प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये 'डब्ल्यूएफआय'च्या (इंटरप्टची वाट पाहा या सूचनेच्या) आधी 'डीएसबी' हा बॅरिअर येतो. 'डीएमबी' हा दुसरा बॅरिअर नुसता क्रम राखतो. डीएसबी मेमरीचे आधीचे व्यवहार पूर्ण होईपर्यंत कोअरला थांबवून ठेवतो. रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेमध्ये तर डब्ल्यूएफआयने काहीच न करता पुढे जाणेही नियमात बसते, त्यामुळे तिथे ही सूचना लूपमध्येच लिहितात.