प्रभारित गोळ्यांमधले बल: ‘बिंदू’ धरण्याच्या सवलतीची पार्श्वभूमी

कूलोमचा व्यस्तवर्गाचा नियम जळगाव-धुळ्यातल्या बारावीच्या मुलांना तोंडपाठ असतो: दोन प्रभारांचा गुणाकार, भागिले अंतराचा वर्ग, गुणिले एक स्थिरांक म्हणजे त्यांच्यातले बल. सूत्र बिंदूंचे आहे आणि टेबलावर असतात धातूचे गोळे, हे मात्र वर्गात क्वचितच बोलले जाते.

पोकळ प्रभारित भांड्याच्या आत बल जाणवत नाही, यावरून १७६७ मध्येच या नियमाचा तर्क झाला होता. १७८५ मध्ये कूलोमच्या पीळ-तराजूत (तारेला पडलेल्या पिळावरून बल मोजणारे उपकरण) गोळ्यांमधले कोनात मोजलेले अंतर ३६, १८ आणि ८.५ अंश असताना पीळ ३६, १४४ आणि ५७५.५ अंश भरला. नियमानुसार तिसरे अंतर ९ हवे होते. म्हणजे ८.५ अंशांवर जेवढे बल हवे होते त्यापेक्षा ते सुमारे ११ टक्के कमी पडले. प्रभार हवेत गळला, हे त्याचे कारण पटण्यासारखे आहे. तरीही प्रतिकर्षणाच्या या प्रसिद्ध पुराव्यात नोंदी तीनच होत्या, हे विसरू नये.

खरा प्रश्न गोळ्याला बिंदू कधी मानायचे हा आहे. सजातीय (दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण) प्रभार एकमेकांपासून दूरच्या बाजूंना सरकतात, त्यामुळे प्रतिकर्षण सूत्रापेक्षा कमी भरते. सारखे गोळे आणि सारखा प्रभार असल्यास त्रिज्येला केंद्रांमधल्या अंतराने भागून घन करा, ४ ने गुणा आणि १ मधून वजा करा. सूत्राच्या उत्तराला या संख्येने गुणायचे. १ सेंमी त्रिज्येसाठी १० सेंमीवर घट ०.४ टक्के, ५ सेंमीवर ३.२ टक्के येते. विजातीय प्रभार असतील तर वजाऐवजी बेरीज. पृष्ठभाग भिडत आले की ही दुरुस्तीही पुरत नाही. तिथे एकोणिसाव्या शतकातली प्रतिमा-प्रभारांची रीतच लागते, म्हणजे गोळ्याच्या जागी आत काल्पनिक बिंदू-प्रभार मांडून बल काढायचे. फार जवळ आलेले असमान सजातीय प्रभार तर चक्क आकर्षतात.

यापेक्षा मोठी चूक फूटपट्टीची असते. याच गोळ्यांची केंद्रे १० सेंमीवर असताना पृष्ठभागांमधली ८ सेंमी फट हेच अंतर धरले, तर उत्तर ५६ टक्के जास्त येते. मोजायचे ते केंद्रापासून केंद्रापर्यंत.

१० सेंमीवर १०-१० नॅनोकूलोम (कूलोम हे प्रभाराचे एकक, नॅनो म्हणजे त्याचा अब्जांश) प्रभार ठेवले तर बल अवघे ०.०९ मिलिन्यूटन, जेमतेम ९ मिलिग्रॅमचे वजन. प्रभार वाढवून फार साधत नाही: १ सेंमी त्रिज्येच्या गोळ्यावर ३३ नॅनोकूलोमच्या आसपास हवाच वाहक होते, आणि गोळ्यावर धुळीचा कण असेल तर त्याआधीच. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत प्रभार आधाराच्या दांड्यावरून उतरतो. म्हणून खान्देशात हा प्रयोग हिवाळ्यात किंवा कोरड्या उन्हाळ्यात घ्यावा, दांडे स्पिरिटने पुसावेत आणि नोंदी भराभर घ्याव्यात.

२०१९ पासून इलेक्ट्रॉनचा प्रभार ठरवून दिलेला आहे, तर सूत्रातला स्थिरांक मोजावा लागतो. प्रयोगशाळेत ९ अब्ज धरले तरी चालते.