व्हिंटेज स्पोर्ट्स कारचा जीर्णोद्धार

जुनी, झिजलेली किंवा मोडकळीला आलेली स्पोर्ट्स कार कारखान्यातून बाहेर पडली त्या वेळच्या स्थितीत, शक्यतो त्याच काळातल्या अस्सल सुट्या भागांनिशी परत आणण्याचे काम. गाडी चालती करणे हा त्यातला सोपा भाग. ती मुळात जी गाडी होती तीच राहिली पाहिजे, हे खरे अवघड. ब्रिटनमधला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब (स्थापना १९३४) १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्यांनाच व्हिंटेज मानतो. या नोंदीत मात्र साठ-सत्तरच्या दशकापर्यंतच्या गाड्याही धरल्या आहेत.

कामाची सुरुवात पाना हातात घेऊन होत नाही, कागदपत्रांपासून होते. चासी (गाडीचा मूळ सांगाडा), इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यावर ठोकलेले क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळले, तर गाडी ‘मॅचिंग नंबर्स’ ठरते आणि तिची किंमत एकदम वर जाते. जॅग्वारच्या बाबतीत जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट मूळ नोंदींवरून दाखला देतो, तर फेरारीचा इटलीतल्या मारानेल्लो इथला क्लासिके (जुन्या गाड्यांचा) विभाग गाडी तपासून प्रमाणपत्र देतो. जुना क्रमांक घासून नवा ठोकण्याची लबाडी चालते. त्यामुळे जाणकार आकड्यांचे वळण, त्यांच्यातले अंतर आणि आजूबाजूच्या धातूवरच्या मूळ यंत्रकामाच्या रेषा भिंगाखाली पाहतात.

बारीकसारीक भागही साक्ष देतात. गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश ल्यूकस कंपनीच्या डायनॅमोवर आणि स्टार्टरवर महिना आणि वर्ष ठोकलेले असते. गाडी १९६२ची आणि डायनॅमोवर १९६४ असेल, तर तो नंतर बसवलेला आहे, यात शंका नाही. १९६१च्या जॅग्वार ई-टाइपच्या पहिल्या सुमारे ५०० गाड्यांच्या बोनेटचे लॉक बाहेरून उघडायचे. अशा गाडीला नंतरच्या घडणीचे बोनेट बसवले, तर ते जॅग्वारचेच असूनही त्या गाडीचे नसते.

भाग मिळवायच्या वाटा तीन-चार आहेत. सगळ्यात उत्तम म्हणजे गाडीचाच जुना भाग दुरुस्त करणे. मग त्याच काळातला, पण कधीच न बसवलेला, खोक्यात पडून राहिलेला माल. नाहीतर भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचा भाग. कोऱ्या मालाचा हव्यास मात्र जपून धरावा: काचा, दिवे, धातूचे भाग वर्षानुवर्षे टिकतात, पण रबरी सील आणि होस (नळ्या) खोक्यात पडल्या पडल्याही कडक होतात. शेवटची वाट नव्याने घडवलेल्या भागांची. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८पासून मूळ साचे वापरून एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या अख्ख्या बॉडी पुन्हा काढल्या. पोर्शेने २०१८मध्ये ९५९ या गाडीच्या क्लचची रिलीज लिव्हर (क्लच सोडवणारा दांडा) थ्रीडी छपाईने केली. इतक्या कमी संख्येने बनलेल्या गाडीसाठी पुन्हा साचे करणे परवडणारे नव्हते.

पत्राकामात घाई सर्वांत महाग पडते. रंग आणि गंज काढायला दाबाने वाळू मारली, तर बोनेट किंवा दारासारखा सपाट, पातळ पत्रा ताणला जाऊन त्याला पोक येतो. रंग हलक्या हाताने थराथराने घासत गेले की एकेका जुन्या रंगाचे वर्तुळ उघडत जाते आणि तळाशी कारखान्याचा मूळ रंग सापडतो. दाराच्या आतल्या अस्तरामागे तो बहुधा न विटलेला मिळतो. मिलानच्या टूरिंग कंपनीच्या सुपरलेज्जेरा पद्धतीत (१९३६) बारीक पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा बसवतात. दोन्ही धातू एकमेकांना टेकले आणि ओल लागली, की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन खाल्ले जाते. म्हणून पत्रा पुन्हा चढवताना दोन्ही धातू वेगळे ठेवणारे अस्तर मधे घालणे रंगाइतकेच महत्त्वाचे आहे.

किती बदल झाल्यावर गाडी ‘तीच’ राहत नाही, हा वाद न्यायालयातही गेला आहे. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे फ्रान्समधली ल मां ही चोवीस तासांची शर्यत जिंकलेल्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीचे इंजिन, चासी आणि बॉडी पुढे बदलत गेले. एक कोटी पौंडांचा सौदा ठरल्यावर ही खरी गाडीच नव्हे, असे म्हणून खरेदीदार मागे फिरला. लंडनच्या उच्च न्यायालयाने १९९०मध्ये निकाल दिला की, तिला ‘मूळ स्थितीतली’ म्हणता येणार नाही, पण तिचा इतिहास अखंड असल्याने ती अस्सल आहे. हा निकाल योग्यच होता. धातू झिजतो आणि बदलावा लागतो. कोणता भाग केव्हा आणि का बदलला याची नोंद तुटली, तर अस्सलपणा सिद्ध करायला काही उरत नाही.

काही ठिकाणी मूळ भागांचा आग्रह सोडावाच लागतो. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, ते आरोग्याला घातक आहे. टायर न वापरताही म्हातारे होतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खाते, आणि शिसेविरहित पेट्रोलमुळे एक्झॉस्ट वॉल्व्हची मऊ बैठक (वॉल्व्ह बंद होताना टेकतो ती जागा) झिजते, म्हणून तिथे कडक धातूच्या रिंगा बसवतात. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा हिच्या तुरिन सनदेनुसार असे बदल पुन्हा उलटवता येतील असे करावेत आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबतच जपून ठेवावेत.