देठ सांभाळा, भोपळा टिकेल
अख्खा गावरान लाल भोपळा आणि त्याचं बियाणं नेणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्या ठाण्याच्या दुकानातले भोपळे मुरबाड-शहापूरकडचे शेतकरी घरच्या बियाण्यावर पिकवतात. कुणी त्याला तांबडा भोपळा म्हणतं, कुणी डांगर, कुणी काशीफळ. विदर्भातल्या एका काकूंनी कोहळं मागितलं तेव्हा आम्ही त्यांना पेठ्याचा पांढरा कोहळा काढून दिला होता. आता आधी विचारतो. गावरान म्हणत असलो तरी या भोपळ्याचं कूळ अमेरिकेतलं, कोलंबसानंतर जहाजांतून इकडे आलेलं.

घरी नेल्यावर

आमच्याकडे खराब भोपळ्याच्या जेवढ्या तक्रारी येतात, त्यांतल्या बहुतेकांत देठ मोडलेला असतो. देठ म्हणजे पिशवीचा बंद नव्हे. त्याला धरून भोपळा उचलला की तो मुळाशी हलतो, तिथे बारीक भेग पडते आणि कूज तिथूनच आत शिरते. म्हणून आम्ही दोन बोटं देठ ठेवूनच भोपळा देतो. उचलताना खालून दोन्ही हात लावा.

धुऊन ठेवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. शेतकऱ्याने तोडणीनंतर दहा-बारा दिवस पडवीत वाऱ्यावर ठेवून साल कडक करून घेतलेली असते; ओली केली की ती मेहनत वाया. सिंकखालचं बंद कपाट सगळ्यात वाईट जागा. उघड्या फळीवर सुती कापडाची चुंबळ करून त्यावर बसवा, एकावर एक रचू नका, आठवड्यातून एकदा बूड दाबून पाहा. शिंकं असेल तर प्रश्नच मिटला. अख्खा भोपळा फ्रिजमध्ये नको: दहा अंशांखालच्या थंडीत तो आतून बिघडतो.

दिवाळीच्या सुमारास उतरलेला चांगला पिकला भोपळा असा दोन-तीन महिने राहतो. पावसाळ्यात मात्र आपल्याकडच्या दमट हवेत एवढी अपेक्षा ठेवू नका, पंधरा दिवसांत संपवा. ठेवण्यात एक फायदाही आहे. आतल्या पिठूळपणाची हळूहळू साखर होते, त्यामुळे महिनाभर ठेवलेला भोपळा ताज्यापेक्षा गोड लागतो. घारग्यांना असाच घ्या.

कापणं आणि रांधणं

विळ्या-भोपळ्याचं सख्य सगळ्यांना ठाऊक आहे. पहिला घाव पुरुषाने घालायचा अशी बऱ्याच घरांत रीत असते. आमच्या मते तो ज्याच्या हातात जोर आहे त्याने घालावा. जड सुरी देठाच्या बाजूने घाला, देठावर नको. चिरल्यावर बिया आणि मऊ गाभा काढून टाका, मग फोड फ्रिजमध्ये डब्यात चार-पाच दिवस राहते.

घारग्यांसाठी दोन वाट्या कीस चमचाभर तुपावर वाफवा, त्यात वाटीभर चिरलेला गूळ विरघळवा आणि गॅस बंद करा. चिमूटभर मीठ, वेलची, दोन चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक घाला. पाण्याचा थेंबही नको, गुळाचं पाणी पुरतं. अर्धा तास झाकून ठेवा, केळीच्या पानावर थापा, मंद आचेवर तळा. भरीत करायचं तर फोडी पाण्यात न बुडवता वाफवा, नाहीतर दही घातल्यावर पातळ होतं. उपवासाला तूप-जिऱ्याची फोडणी आणि दाण्याचं कूट. साली फेकू नका, तिळाबरोबर परतून चटणी होते.

फोड कडू लागली तर थुंकून टाका आणि अख्खा भोपळा फेकून द्या. शिजवून किंवा गूळ घालून तो कडूपणा जात नाही आणि पोटाला तो फार वाईट.

गच्चीत लावायचा असेल तर

जूनमध्ये किंवा जानेवारी-फेब्रुवारीत बी लावा. मोठा ड्रम अर्धा कापून एका अर्ध्यात एकच वेल; सहा तास ऊन हवं. वेल पंधरा फुटांपुढे सहज जातो, तेव्हा सोसायटीत आधी विचारून घ्या.

‘फुलं येतात आणि गळतात’ हा फोन दर पावसाळ्यात येतोच. सुरुवातीची सगळी फुलं नर असतात, ती गळणारच. त्यांची भजी करा, पण दोन-चार ठेवा. मादी फुलाखाली लहानसा भोपळा असतो. उंच मजल्यावर मधमाशी क्वचितच येते, म्हणून सकाळी आठच्या आत नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा केसर मादी फुलात फिरवा. दुपारपर्यंत फूल मिटतं. फळ धरलं की त्यावर मलमलची पिशवी बांधा, फळमाशी अंडी घालत नाही. एका वेलावर दोनच फळं ठेवा आणि ती जुन्या ओढणीच्या झोळीत टांगा.

बी धरायचं असेल तर नर-मादी दोन्ही कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधा, सकाळी सोडून केसर लावा, मादी फूल पुन्हा बांधा. नाहीतर शेजारच्या संकरित भोपळ्याचा केसर मिसळतो. यंदाचं फळ तसंच दिसतं, फरक पुढच्या वर्षीच्या वेलावर कळतो. देठ वाळून लाकडासारखा झाला आणि सालीत नख रुतेना, की भोपळा उतरवा. पिळून नाही, कात्रीने.

नेल्यापासून आठ दिवसांत भोपळा आतून खराब निघाला तर बदलून देतो. फोटो पाठवताना देठ दिसू द्या.