लिबवेबपीमधील सुरक्षा-त्रुटी (२०२३)

वेबपी प्रकारची चित्रे उलगडून दाखवणाऱ्या ‘लिबवेबपी’ या गूगलच्या मुक्तस्रोत लायब्ररीत (इतर सॉफ्टवेअरांत जोडायच्या तयार कोडसंचात) सप्टेंबर २०२३मध्ये उघडकीस आलेली गंभीर त्रुटी. सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या जागतिक यादीतला नोंद क्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३. वेबसाइटवरून उतरवलेला फोटो झेरॉक्सवाल्याच्या जुन्या संगणकावर उघडतच नाही, तो बहुधा वेबपी असतो. व्हॉट्सअ‍ॅपचे स्टिकर्सही याच प्रकारातले.

वेबपीच्या दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात हफमन संकेतन वापरतात. वारंवार येणाऱ्या मूल्याला आखूड संकेत, क्वचित येणाऱ्याला लांब. चित्र उघडताना हे संकेत चटकन ओळखता यावेत म्हणून लायब्ररी मेमरीत तक्ते मांडते. या तक्त्यांना जास्तीत जास्त किती जागा लागेल याचा हिशेब आधीच करून तेवढीच जागा राखलेली असे. हिशेब बरोबरच होता, पण नियमात बसणाऱ्या संकेतांपुरता. मुद्दाम वेडीवाकडी रचलेली फाइल आली की तक्ता राखीव जागेबाहेर सांडे आणि शेजारच्या मेमरीवर लिहिले जाई. संकेत धड आहेत का, याची तपासणी नव्हती असे नाही. ती तक्ता भरून झाल्यावर होई. चोर घरात शिरल्यावर कडी लावण्यातला प्रकार! दुरुस्तीत हा क्रम उलटवला: आधी तपासणी, मग लागेल तेवढी जागा. ही दुरुस्ती लिबवेबपीच्या १.३.२ या आवृत्तीत आहे.

अ‍ॅपलचा सुरक्षा विभाग आणि टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब यांनी ६ सप्टेंबरला ही त्रुटी गूगलला कळवली. दुसऱ्याच दिवशी अ‍ॅपलने आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती दिली. वॉशिंग्टनमधील एका नागरी संस्थेच्या कर्मचाऱ्याच्या आयफोनवर, त्याने कशालाही हात न लावता, चित्रांमार्फत पेगॅसस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर उतरवल्याचे सिटिझन लॅबला आढळले होते. या हल्ल्यातली चित्रांची त्रुटी आणि लिबवेबपीची त्रुटी एकच, असे जाणकार मानतात. क्रोमची दुरुस्ती ११ तारखेला आली, फायरफॉक्सची १२ला.

खरा घोळ नावाचा झाला. गूगलने सुरुवातीला ही त्रुटी क्रोमची म्हणून नोंदवली. साहजिकच अनेकांनी ब्राउझर अद्ययावत केला आणि विषय संपला असे मानले. प्रत्यक्षात लिबवेबपी सिग्नल, स्लॅकसारख्या डेस्कटॉप अ‍ॅपांच्याही पोटात होती. अशी अ‍ॅप्स इलेक्ट्रॉन या तयार सांगाड्यावर बांधतात आणि तसे प्रत्येक अ‍ॅप क्रोमियमची, म्हणजे क्रोमच्या मुक्तस्रोत गाभ्याची, स्वतःची प्रत बाळगते, त्यामुळे क्रोम दुरुस्त झाला तरी शेजारचे चॅटचे अ‍ॅप तसेच राही. महिनाअखेरीस लायब्ररीच्या नावाने सीव्हीई-२०२३-५१२९ असा वेगळा क्रमांक निघाला, तीव्रता १०पैकी १०. तो पहिल्याचीच पुनरावृत्ती म्हणून लगेच रद्द झाला आणि मूळ नोंदीत लिबवेबपीचे नाव घालण्यात आले.