कप्पीचे बेअरिंग मोटारीच्या हिशेबाने निवडू नये

विदर्भात उन्हाळा लागला की विहिरी खोदण्याची आणि जुन्या विहिरी खोल करण्याची कामे सुरू होतात, आणि काळ्या पाषाणात सुरुंग लावून फोडलेला दगड वर काढण्यासाठी काठावर यारी उभी राहते. यारीच्या इंजिनाची, ब्रेकची आणि वायररोपची काळजी बहुतेक मालक घेतात. मात्र सगळा भार ज्या कप्पीवरून जातो तिच्या आतले बेअरिंग करकरू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. मग तालुक्याच्या दुकानातून त्याच नंबरचे बेअरिंग आणून बसवले जाते, आणि बसवणाऱ्या मिस्त्रीचा हात पाण्याच्या मोटारींवर बसलेला असल्याने मोटारीचेच नियम इथेही लावले जातात. हे नियम कप्पीला लागू पडत नाहीत, आणि बेअरिंग लवकर जाण्याचे मूळ पुष्कळदा तिथेच असते.

आधी भाराचा हिशेब करू. दोराला ३०० किलोंची बादली लटकली आहे म्हणून कप्पीच्या पिनवर, म्हणजे ती ज्या दांड्यावर फिरते त्यावर, ३०० किलोच येतात, हा समज चुकीचा आहे. दोर कप्पीच्या दोन्ही बाजूंनी खाली ओढत असतो. दोन्ही बाजू समांतर असतील तर पिनवर ६०० किलो येतात, दोन बाजूंमध्ये काटकोन असेल तर सुमारे ४२५ किलो, आणि कोन १२० अंशांचा असेल तेव्हाच भार ३०० किलोंवर येतो. समांतर दोराच्या कप्पीत दोन बेअरिंगे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ३०० किलो आले.

आता ६२०५ नंबरचे बेअरिंग घेऊ. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणले की आतले भोक कळते, म्हणजे २५ मिलिमीटर. त्याची फिरत्या भाराची क्षमता साधारण १४०० किलो धरली जाते. छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य काढताना या क्षमतेला प्रत्यक्ष भाराने भागून त्याचा घन करतात, आणि उत्तर दशलक्ष फेऱ्यांत येते. इथे ते सुमारे १०० दशलक्ष, म्हणजे १० कोटी फेरे येते. विहीर ५० फूट खोल आणि कप्पीचा व्यास २० सेंटीमीटर असेल तर बादली एकदा खाली जाऊन वर येण्यात कप्पीचे जेमतेम ४८ फेरे होतात. दिवसाला १०० बादल्या काढल्या तरी ४८०० फेरेच झाले. या हिशेबाने बेअरिंग रोज चालवूनही पन्नास वर्षांहून अधिक टिकायला हवे. मोटार मिनिटाला २९०० च्या आसपास फेरे घेते, म्हणून तिथे झिजून थकण्याचा हा हिशेब महत्त्वाचा ठरतो. कप्पी मात्र थकून मरत नाही. तिला मारतात ते झटका, फुफाटा आणि गंज.

झटक्याची खूण निकामी बेअरिंग उघडले की डोळ्यांना दिसते. आतली रेस, म्हणजे छर्रे जिच्यावरून फिरतात ती आतली कडी, रॉकेलने स्वच्छ धुऊन उन्हात तिरपी धरावी; तिच्या एकाच अंगाला, छर्ऱ्यांमधील अंतराएवढ्या अंतरावर, बारीक खळगे ओळीने उमटलेले असतात. कप्पी जवळजवळ स्थिर असताना बादली कपारीत अडकून एकदम सुटली की काही छर्रे रेसमध्ये रुततात, आणि पुढे प्रत्येक फेऱ्यात त्या खळग्यांवरून खडखडत जातात. म्हणून संथ फिरणाऱ्या कप्पीसाठी बेअरिंग निवडताना बेअरिंगच्या तक्त्यातील स्थिर भाराची क्षमता पाहावी. ६२०५ ची ती क्षमता सुमारे ८०० किलो असते. ३०० किलोंचा भार झटक्याने तिप्पट झाला की ती संपली. त्याच पिनवर बसणाऱ्या ६३०५ मध्ये ती ११०० किलोंहून अधिक मिळते. त्याचा बाहेरचा व्यास ५२ ऐवजी ६२ मिलिमीटर असल्याने कप्पीचे घर, म्हणजे बेअरिंग बसण्याचे भोक, मात्र लेथवर मोठे करावे लागते. रोलर बेअरिंगमध्ये भार बिंदूऐवजी रेषेवर पसरतो, त्यामुळे मोठ्या भारासाठी ते अधिक योग्य आहे.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात वेगळा विचार करावा. बेअरिंगचे पोलाद कठीण असले तरी गंजरोधक नसते, आणि खारे पाणी त्याला लवकर धरते. हलक्या भाराच्या, क्वचित चालणाऱ्या कप्पीला तिथे बेअरिंगऐवजी गनमेटलचा बुश, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची छर्रे नसलेली नळी, लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ओढायला थोडा जास्त जोर लागतो, पण भार मोठ्या पृष्ठभागावर पसरतो आणि झटक्याने खळगे पडत नाहीत. पिनमधून ग्रीस देण्याचे छिद्र तेवढे भाराच्या विरुद्ध अंगाला असावे, नाहीतर दाबामुळे ग्रीस आत शिरतच नाही.

बसवण्याची रीतही मोटारीच्या उलट आहे. मोटारीत शाफ्ट फिरतो, म्हणून आतली रेस घट्ट बसवतात; कप्पीत पिन स्थिर राहून बाहेरची रेस फिरते, म्हणून बाहेरची रेस कप्पीच्या घरात घट्ट हवी आणि आतली पिनवर हाताने सरकेल इतपत चालते. बाहेरची रेस बसवताना योग्य व्यासाचा पाइप तिच्यावरच टेकवून दाब द्यावा, कारण आतल्या रेसवर हातोडा मारला तर तो घाव छर्ऱ्यांतून जातो. स्थिर आतल्या रेसचा एकच भाग सतत भार झेलतो, त्यामुळे दरवर्षी कप्पी उघडल्यावर ती थोडी फिरवून बसवली तर नवा भाग भाराखाली येतो.

ग्रीसचेही तसेच आहे. रिचर्ड स्ट्रायबेक या जर्मन अभियंत्याने १९०२ च्या सुमारास वंगणाचा थर आणि वेग यांचा संबंध मोजून दाखवला. वेग कमी असला की थर पूर्ण तयार होत नाही आणि धातू धातूला लागतो. म्हणून कप्पीला जाड तेलाचे, जास्त दाब सोसणारे ग्रीस हवे. मोटारीचे बेअरिंग तापू नये म्हणून त्यातील मोकळी जागा एक तृतीयांश ते निम्मी भरतात. कप्पी तापण्याइतकी वेगाने फिरत नाही, त्यामुळे तिथे जागा जवळजवळ पूर्ण भरावी, म्हणजे फुफाट्याला आत शिरायला वाट उरत नाही. ग्रीस भरण्याचे निप्पल असेल तर जुने काळे ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत ग्रीस गन चालवावी. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले, म्हणजे नंबरापुढे २आरएस लिहिलेले बेअरिंग घेतले तर ग्रीस देण्याची गरज नसते. आवाज आला की ते बदलावे. दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळू नयेत, कारण काही मिश्रणे पातळ होऊन वाहून जातात.

यारीच्या सांगाड्याला वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा. तो दूर लावला आणि विजेचा प्रवाह कप्पीतून गेला, तर छर्रा आणि रेस यांच्यामध्ये ठिणगी पडून धातू वितळतो, आणि बाहेरून धडधाकट दिसणारे बेअरिंग थोड्याच दिवसांत करकरू लागते.